टपालानें आलेलीं अंडीं आणि उन्हाळा

टपालानें पाठवावयाच्या वस्तूंमध्यें अंड्याइतकी गैरसोयीची वस्तु क्वचितच असेल. तरीहि माणसानें तीं पाठविण्याचा हट्ट सोडलेला नाहीं. अमेरिकेंत १९१३ सालच्या १ जानेवारीस टपालखात्याची पार्सल-व्यवस्था सुरू झाली. त्याच दिवशीं सेंट लुई शहराहून एडवर्ड्सव्हिल गांवीं सहा अंडीं रवाना झालीं, आणि संध्याकाळीं त्यांचा भाजलेला केक टपालानेंच परत आला. प्रयोग यशस्वी झाला हें उघडच आहे. पण केकसाठीं अंडें फुटकें नसलें म्हणजे पुरे. ज्यांतून पिलूं बाहेर यावयाचें आहे त्या अंड्याची गोष्ट निराळी. तें वरून धडधाकट दिसत असून आंतून केव्हांच संपलेलें असूं शकतें, आणि संपलें आहे हें घेणाऱ्यास पुष्कळदां तीन आठवडे कळतहि नाहीं.

घराच्या आवारांत चांगल्या जातीच्या पांच-दहा कोंबड्या पाळण्याची हौस शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतहि आढळते. झाबुआकडील काळ्या कडकनाथ कोंबडीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हांपासून तर तिचें नांव पुष्कळांच्या तोंडीं आहे. विजेवर चालणारें लहानसें उबवणयंत्र आतां घरगुती वापरासाठींहि मिळतें. एप्रिल-मे महिन्यांत मुलांना सुटी लागते, आणि नेमका त्याच वेळीं दूरच्या गांवाहून उबवणुकीचीं अंडीं मागविण्याचा बेत ठरतो. मुलें दिवस मोजूं लागतात. एकविसाव्या दिवशीं दोन डझन अंड्यांतून दोन-तीन पिलें निघतात. कधीं एकहि नाहीं. विकणाऱ्यानें निर्जीव अंडीं गळ्यांत बांधलीं असें घेणारा म्हणतो; तुमचें यंत्र बिघडलेलें असेल असें विकणारा उत्तर देतो. पुष्कळ वेळां दोघेहि चुकलेले असतात. दोष असतो तो मधल्या दोन-तीन दिवसांच्या प्रवासाचा, आणि तोहि एका अशा कारणानें कीं जें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

कोंबडीनें अंडें घातलें तेव्हां त्यांतील जीवाला प्रारंभ होऊन एक दिवस लोटलेला असतो. कोंबडीच्या शरीराची उष्णता सुमारें ४१ अंश सेल्सियस असते. त्या उबेंत अंड्यावर कवच चढत असतांनाच फळलेल्या बीजाची विभागणी चाललेली असते, आणि अंडें बाहेर येतें तेव्हां बलकावरील एवढ्याशा फिकट ठिपक्यांत सुमारें चाळीस ते साठ हजार पेशी तयार असतात. बाहेर पडतांच अंडें निवतें व वाढ थांबते. ती मरत नाहीं, झोपीं जाते. या झोपेंत निसर्गाची मोठी सोय आहे. कोंबडी एका दिवशीं एकच अंडें घालते. दहा-बारा अंडीं जमावयास तिला दोन आठवडे लागतात, आणि मग ती खुडूक होऊन बसते. पहिलें अंडें लगेच वाढूं लागलें असतें तर पिलें एकामागून एक दोन आठवडे निघत राहिलीं असतीं. पण सर्व अंडीं झोपलेलीं असल्यामुळें तीं तिच्या उबेनें एकदमच जागीं होतात आणि पिलेंहि एक-दोन दिवसांच्या आंत मिळून बाहेर पडतात. टपालानें अंडीं पाठवितां येतात तीं याच झोपेच्या जोरावर.

ही झोप किती अंशांवर लागते याचा अभ्यास अमेरिकेंतील चार्ल्स लिंकन एडवर्ड्स यानें करून १९०२ सालीं तो बिंदु २० ते २१ अंशांच्या आसपास ठरविला. पुढील कित्येक अभ्यासकांनीं तो याहून कांहीं अंश वर नेला. व्यवहारापुरतें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, १५ ते १८ अंशांवर अंडें आठवडाभर स्वस्थ झोपतें, साडेसदतीस अंशांवर नीट जागें होऊन वाढूं लागतें, आणि या दोहोंच्या मधला जो पट्टा आहे, विशेषतः २७ ते ३५ अंशांचा, तो त्याला फार वाईट. तेथें अंडें ना झोपतें ना जागें होतें. पेशी वाढूं लागतात, पण सगळ्या सारख्या चालीनें नव्हे. कांहीं भाग पुढें धांवतो, कांहीं मागें राहतो, आणि अशी वांकडी वाढ झालेला गर्भ पुढें यंत्रांत कितीहि चांगली ऊब मिळाली तरी बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांतच मरतो. उन्हाळा हा अंडीं उबविण्यास सोयीचा, निम्में काम हवाच करील, अशी एक समजूत आहे. हवा निम्मेंच काम करते, हाच तिचा अपराध.

याची उलट बाजूहि पाहण्याजोगी आहे. मोठ्या उबवणी केंद्रांत कधीं अंडीं आठवड्याहून अधिक काळ थंड खोलींत सांठवावीं लागतात. अशा वेळीं तीं मधूनच कांहीं तास उबवणुकीच्या पुऱ्या उबेंत ठेवून पुन्हां थंड करण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, आणि त्यामुळें पिलांचें प्रमाण सुधारतें. म्हणजे पुरी जाग थोडा वेळ आली तरी बाधत नाहीं. बाधते ती रेंगाळलेली अर्धी झोप.

आतां मे महिन्यांतील पार्सलाचा प्रवास डोळ्यांपुढें आणावा. अंडीं दुपारीं बांधलीं जातात. पत्र्याच्या छपराखालीं गोदामांत तीं एक रात्र काढतात, दुसऱ्या दिवशीं बंद गाडींत आणि तिसऱ्या दिवशीं पुन्हां गोदामांत. बाहेर ४० अंश असतील तर उन्हांत उभ्या राहिलेल्या बंद गाडीच्या आंत त्याहून पुष्कळ अधिक. रात्रीं हवा उतरते ती तीस अंशांपर्यंत. म्हणजे दिवसा भाजणें आणि रात्रीं नेमका तो घातक पट्टा, असा क्रम दोन-तीन दिवस चालतो. अंड्यावर कसलीच खूण उमटत नाहीं. पेटी व्यवस्थित, भुसा कोरडा, एकहि अंडें तडकलेलें नाहीं. घेणारा समाधानानें पैसे चुकवितो.

म्हणून अंडीं मागवितांना भावाची घासाघीस करण्यापेक्षां विकणाऱ्याशीं दुसऱ्याच गोष्टी ठरवून घ्याव्या. अंडीं तीन दिवसांपेक्षां जुनीं नसावीं. रोज दोन-तीनदां गोळा करून तीं थंड जागीं ठेवलेलीं असावीं. कारण उन्हाळ्यांत झोपमोड प्रवासाच्याहि आधीं, खुराड्यांतच सुरू होते. पेटी आठवड्याच्या आरंभीं निघावी, नाहीं तर रविवार तिला वाटेंतच गांठतो. रात्रीच्या प्रवासानें एका रात्रींत येण्याजोगें अंतर असल्यास फार उत्तम. पेटी घरपोंच येण्याची वाट न पाहतां सकाळीं स्वतः जाऊन ती ताब्यांत घ्यावी. दारोदार फिरणाऱ्या गाडींत दुपार काढण्यापेक्षां हें केव्हांहि बरें. आणि इतकें करूनहि टपालानें आलेल्या अंड्यांपैकीं निम्म्यांतून पिलें निघालीं तर अनुभवी माणसें समाधान मानतात, हें मुलांना आधींच सांगून ठेवावें.

पेटी घरीं आल्यावर एक पेंच उभा राहतो. प्रवासांतील धक्क्यांनीं अंड्याच्या बोथट टोंकाशीं असलेली हवेची पोकळी सैल होते. काळोख्या खोलींत विजेरीच्या झोतावर अंडें धरलें तर ती स्पष्ट दिसते. चांगल्या अंड्यांत ती टोंकाशीं स्थिर राहते, धक्का बसलेल्या अंड्यांत ती अंडें कलतें करतांच बुडबुड्यासारखी सरकते. हिच्यांतच पिलूं शेवटीं पहिला श्वास घेणार असतें, त्यामुळें ती जागेवर बसणें अगत्याचें. त्यासाठीं अंडीं बोथट टोंक वर करून बारा ते चोवीस तास न हालवितां ठेवावीं असा नियम आहे. थंडीच्या दिवसांत हा नियम पाळण्यास कांहींच अडचण नाहीं. पण उन्हाळ्यांत हा विसांवा कोठें द्यावयाचा? ३४ अंशांच्या खोलींत दिलेला एक दिवसाचा विसांवा म्हणजे जी इजा वाटेंत झाली तीच आणखी एक दिवस लांबविणें. धक्क्याचें औषध वेळ, आणि उन्हाला वेळ देणें म्हणजे विष, असा हा विरोध आहे.

यांतून वाट अशी. घरांत १८ ते २० अंशांपर्यंत थंड राहणारी वातानुकूलित खोली असेल तर तेथें पुरा विसांवा द्यावा. कोरड्या हवेच्या प्रदेशांत जुनी युक्तीहि उपयोगी पडते. मोठ्या मातीच्या भांड्याच्या तळाशीं वाळू घालून ती ओली ठेवावी, वर टोपलींत किंवा पुठ्ठ्याच्या ट्रेंत अंडीं ठेवून तोंडावर पातळ कापड बांधावें. माठांतील पाणी ज्या कारणानें निवतें त्याच कारणानें हीं अंडींहि निवतात. पाणी अंड्यांना मात्र लागूं नये. घरांतील फ्रीज या कामाचा नाहीं; तो चार अंशांच्या आसपास असतो, आणि ती थंडी या जीवाला सोसत नाहीं. यांपैकीं कांहींच साधत नसेल तर विसांव्याचा हट्ट धरूं नये. चार-सहा तासांनीं अंडीं सरळ यंत्रांत घालावीं, पण बोथट टोंक वर ठेवून उभींच, आणि पहिले दोन दिवस तीं मुळींच फिरवूं नयेत. पोकळी यंत्रांतच जागेवर बसेल. नंतर दिवसांतून चार-पांच वेळां दोन्ही बाजूंना अलगद कलतीं करावीं.

थंड खोलींतील अंडें एकदम दमट उष्ण हवेंत आणलें तर त्यावर दंव जमतें, हीहि एक गोष्ट ध्यानांत असावी. कवचाला हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. ओल्या कवचावरील जंतु त्यांतून आंत शिरतात. अंडें हळूहळू खोलीच्या उष्णतेस येऊं द्यावें, आणि तें मळकट दिसलें तरी धुऊं नये. धुण्यानें कवचावरील नैसर्गिक संरक्षक पापुद्रा जातो.

यंत्रासंबंधीं घेणाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा कीं, तें उष्णता स्थिर ठेवतें. घरगुती यंत्र केवळ उष्णता देऊं शकतें, काढून घेऊं शकत नाहीं. खोली २५ अंशांवर असतां दिवा लागतो-विझतो आणि आंतील पारा साडेसदतीसवर स्थिर राहतो. खोलीच ४० अंशांवर गेली कीं दिवा विझून जातो, यंत्र आपलें काम चोख बजावतें, आणि आंतील अंडीं तरीहि भाजत राहतात. गर्भ थंडी सोसतो, उष्णता सोसत नाहीं. एक-दोन तास वीज जाऊन यंत्र निवालें तर पिलें बहुधा उशिरा निघतात, इतकेंच. पण पारा कांहीं तास ४१ अंशांच्या वर राहिला तर सगळी बॅच गेली असें समजावें. म्हणून अंडीं येण्यापूर्वी रिकामें यंत्र एक अहोरात्र चालवून पाहावें आणि दुपारीं दोन ते पांच या वेळांत पारा कोठवर चढतो तें टिपून ठेवावें. तो ३८ ओलांडीत असेल तर यंत्र दुसरीकडे हलवावें. वरच्या मजल्याच्या गच्चीखालील खोली सर्वांत वाईट. जाड भिंतींचें माजघर किंवा तळमजल्यावरील मधली खोली चांगली. ज्या यंत्रांत पंखा नसतो त्यांत वरची हवा खालच्या हवेपेक्षां ऊन असते, म्हणून तेथें पारा अंड्यांच्या माथ्याशीं धरावा व तो साडेअडतीस ते एकूणचाळीसच्या दरम्यान ठेवावा.

उष्ण देशांतील जुन्या कसबी लोकांच्या वहिवाटींतहि कांहीं शिकण्यासारखें आहे. इजिप्तमध्यें मातीच्या मोठमोठ्या भट्ट्यांतून एकेका वेळीं हजारों अंडीं उबविण्याची विद्या फार प्राचीन आहे. तेथील कारागिरांजवळ उष्णतामापक नव्हता. अंडें पापणीला लावून ते ऊब ओळखीत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यानें त्या विद्येचा मागोवा घेऊन आपल्या देशांत दारूच्या पिंपांभोंवतीं घोड्याची लीद रचून अंडीं उबविण्याचे प्रयोग केले व १७४९ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. पण येथें महत्त्वाची गोष्ट एडवर्ड लेन या इंग्रज प्रवाशानें १८३६ सालच्या आपल्या पुस्तकांत नोंदलेली आहे. या भट्ट्या वर्षांतून दोन-तीन महिनेच, वसंत ऋतूंत चालत, आणि दक्षिणेकडील अधिक उष्ण भागांत सर्वांत आधीं सुरू होत. भर उन्हाळ्यांत त्या थंड असत. महाराष्ट्रांतहि या कामाला आक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने चांगले. उन्हाळ्याच्या सुटीचें आकर्षण समजण्यासारखें आहे, पण दिवाळीची सुटीहि सुटीच असते.

उन्हाळ्यांतच उबवावयाचें असेल तर पारा जितक्या काळजीनें पाहावा तितक्याच काळजीनें हवेंतील ओलावा पाहावा लागतो, आणि येथें महाराष्ट्राचे दोन भाग एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. अंडें उबत असतांना त्यांतील पाणी छिद्रांवाटे उडून जातें. अठराव्या दिवसापर्यंत वजन सुमारें शेंकडा १२ नें घटावयास हवें, म्हणजे ५५ ग्रॅमच्या अंड्यांत साडेसहा ग्रॅमची घट. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते कीं पाणी भराभर उडतें, आंतील पडदा वाळून पिलाला चिकटतो व तें तयार होऊनहि कवचांतच अडकून मरतें. तेथें यंत्रांतील पाण्याचें तबक केव्हांहि रिकामें पडूं देऊं नये. खोलींत वाळ्याचा पडदा किंवा कूलर असल्यास तो एकाच वेळीं उष्णता उतरवितो आणि ओलावा वाढवितो, असा दुहेरी लाभ होतो. मुंबई व कोंकणच्या किनाऱ्यावर हवा मुळांतच दमट असते. तेथें पुस्तकांतील नियम वाचून तबक भरून ठेवलें तर पाणी पुरेसें उडत नाहीं, हवेची पोकळी लहान राहते आणि पिलूं चोंच मारतांना आंतल्या आंत गुदमरतें. किनाऱ्यावर पहिले अठरा दिवस तबक पुष्कळदां कोरडेंच ठेवावें लागतें. कूलरचाहि तेथें उपयोग नाहीं. दोन्हीकडे खरा न्याय तराजूचा: चार-पांच अंड्यांवर पेन्सिलीनें खूण करून आठवड्यास तीं तोलावीं आणि वजन पाहून पाण्याचें प्रमाण ठरवावें.

शेवटच्या आठवड्यांत आणखी एक संकट असतें. गर्भ मोठा झाला कीं तो स्वतःच उष्णता निर्माण करूं लागतो आणि अंडें भोंवतालच्या हवेपेक्षां एखादा अंश अधिक ऊन होतें. पहिल्या आठवड्यांत जी चूक निभावून गेली तीच सोळाव्या दिवशीं घात करते. उन्हाळ्यांतील दुपारीं वीज गेली आणि पंखा थांबला तर सुरुवातीच्या दिवसांत यंत्र झांकून ठेवावें, पण शेवटच्या दिवसांत तें किंचित उघडावें. कारण त्या वेळीं भीति थंडीची नसून गुदमरण्याची असते. अठराव्या दिवसानंतर अंडीं फिरविणें बंद करून ओलावा शेंकडा ६५ ते ७० पर्यंत वाढवावा.

सातव्या दिवशीं सर्व अंडीं विजेरीवर पुन्हां पाहावीं. जिवंत अंड्यांत रक्तवाहिन्यांचें कोळ्याच्या जाळ्यासारखें तांबडें जाळें दिसतें. कांहींत जाळ्याऐवजीं नुसतें एक तांबडें कडें असतें. तो गर्भ वाढूं लागून मेलेला आहे. आणि कांहीं अंडीं अगदीं स्वच्छ, पहिल्या दिवशीं होतीं तशींच दिसतात. भांडण होतें तें या स्वच्छ अंड्यांवरून. तीं फळलेलीं नव्हतींच असें सर्वजण गृहीत धरतात, परंतु तें नेहमीं खरें नसतें. वाटेंतील उन्हानें फार लवकर मेलेलें अंडेंहि विजेरीवर स्वच्छच दिसतें. निवाडा करावयाचा असेल तर तें बशींत फोडावें आणि बलकावरील ठिपका नीट न्याहाळावा. अंडें फळलेलें नसेल तर ठिपका बारीक, भरीव व वेड्यावांकड्या कडेचा असतो. फळलेलें असेल तर तो मोठा, गोल व कड्यासारखा, मध्यें फिकट असा दिसतो. वाढ सुरू होऊन थांबली असेल तर तो आणखी पसरलेला आढळतो. बहुतेक स्वच्छ अंड्यांत बारीक ठिपकाच सांपडला तर विकणाऱ्याचा कोंबडा कामाचा नाहीं, व पैसे परत मागण्यास हरकत नाहीं. पसरलीं कडीं सांपडलीं तर कोंबडाहि निर्दोष आणि यंत्रहि निर्दोष. पुढच्या वेळीं विकणारा नव्हे, महिना बदलावा.

उरलेल्या अंड्यांची वाट पाहतांना घाई करूं नये. अंडें जितके दिवस सांठवलेलें असेल तितका, दर दिवसाला सुमारें एक तास, या हिशेबानें पिलूं उशिरा निघतें, आणि टपालाचीं अंडीं तर आठवड्याचीं झालेलीं असतात. एकविसाव्या दिवशीं सायंकाळीं कांहीं हालचाल नाहीं म्हणून यंत्राचें झांकण पुनःपुन्हां उघडलें कीं ओलावा निघून जातो व चोंच मारूं लागलेलें पिलूं तेथेंच वाळतें. मुलांना कांचेवाटें पाहूं द्यावें आणि बाविसावा दिवस पुरा होऊं द्यावा. निघालेलीं पिलें अंगावरील लव वाळेपर्यंत आंतच राहिलीं तरी चालतात. शेवटच्या दिवशीं पोटांत ओढून घेतलेला बलक त्यांना दोन दिवस सहज पुरतो. अमेरिकेच्या टपालखात्यानें १९१८ सालापासून एका दिवसाचीं पिलें पार्सलानें नेण्यास मान्यता दिली ती याच बलकाच्या भरंवशावर.